देवमाशाचा दात आणि वाकलेला ॲक्सल

कितिओनेचं उत्तर लहान दाव्यांच्या कचेरीच्या पाकिटातून आलं, तेव्हा उलामिला मागच्या अंगणात कसावा सोलत बसली होती. तिने हात कमरेला गुंडाळलेल्या सुलूला पुसले, पाकीट दातांनी फाडलं आणि उभ्या उभ्याच वाचलं.

"अर्जदार बाईंनी काहीही कारण नसताना भर रस्त्यात ब्रेक दाबला. त्यांच्या गाडीचे मागचे दिवे बंद होते. नवरा वारल्यावर त्या गाडी शिकल्या, त्यामुळे त्यांचा हात अजून बसलेला नाही. शिवाय हे प्रकरण आमच्या रीतीप्रमाणे दात देऊन केव्हाच मिटलेलं आहे."

चार वाक्यं होती. पहिलं खोटं, दुसरं अर्धं खोटं, तिसरं उद्धट. चौथं वाक्य मात्र तिने दोनदा वाचलं, कारण ते लिहिताना कितिओनेने केवढा धोंडा आपल्या पायावर पाडून घेतलाय हे तिच्या हळूहळू लक्षात येत होतं. कागदाची घडी करून तिने ती बायबलमध्ये ठेवली आणि उरलेला कसावा सोलून टाकला. घरात सहा तोंडं होती आणि दाव्यांमुळे कुणाची भूक थांबत नाही.

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. ती घेतली तिच्या नवऱ्याने, अपिसाईने. दोन वर्षं चालवली आणि एका दुपारी दालोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, वाफ्यातच तो छाती धरून बसला, तो उठलाच नाही. शंभराव्या रात्रीचा विधी उरकला, आणि दुसऱ्या दिवशी उलामिलाने किल्ली हातात घेतली. तेव्हापासून सहा वर्षं मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी वाईदामू गावच्या बायका आपापली दालोची पोती, वांगी, शेंगा घेऊन तिच्या गाडीत बसायच्या आणि सिंगातोकाच्या बाजारात उतरायच्या. माणशी दोन डॉलर, पोत्याचा एक. सहा वर्षांत तिच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. तरी हात बसलेला नाही म्हणे.

अपघात झाला मार्चमधल्या एका शनिवारी, बाजारातून परत येताना, दुपारी चारच्या सुमाराला. गाडीत सात बायका, सगळ्या दमून पेंगलेल्या. चढ संपून वळण येतं तिथे एक तांबडा घोडा तुटकी दोरी ओढत रस्त्याच्या मधोमध उभा होता. उलामिलाने ब्रेक दाबला. घोडा वाचला. मागून कितिओनेची मोठी नवी गाडी आली, ती काही थांबली नाही. व्हॅनचं मागचं दार आत घुसलं, गाडी घसरत चरात गेली आणि मागचा ॲक्सल वाकला. वासितीच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकीच्या पोत्यांवर पडल्या म्हणून वाचल्या. कितिओने खाली उतरला तो हातात फोन घेऊनच, आणि आधी त्याने स्वतःचा बंपर पाहिला.

हा कितिओने पलीकडच्या नारुकू गावच्या प्रमुखाचा भाचा. समुद्रकाठच्या हॉटेलांना भाजी पुरवायचा, आणि हॉटेलांचे शर्ट घालून गावात हिंडायचा. माणूस वाईट नव्हता. पण आजवर त्याने काहीही सांडलं की ते पुसायला घरातलं कुणीतरी धावत यायचं, आणि तिशी उलटली तरी ती सवय गेली नव्हती.

या वेळीही धावले. आठ दिवसांच्या आत नारुकूची अकरा माणसं, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांची मोळी घेऊन, वाईदामूत आली, आणि त्यांच्या पुढे होता म्हातारा रुसिआते. प्रमुखाच्या घराण्याचा भाट. चाळीस वर्षं त्या घराण्याच्या वतीने बोलायचं काम त्याचं. त्याच्या हातात तांबुआ होता, विणलेल्या दोरीचा, तेलाने पिवळाधमक झालेला देवमाशाचा दात. चूक झाली की चुकलेल्या माणसाच्या घराण्याने असा दात घेऊन यायचं आणि ज्याचं वाईट झालं त्याच्या घराण्यापुढे मान खाली घालून ठेवायचा. समोरच्याने तो उचलला की राग गाडला गेला. गाडणं हेच त्या रीतीचं नाव आणि हाच तिचा अर्थ.

दात उचलायचा मान इनोकेचा होता. इनोके म्हणजे अपिसाईच्या वडिलांचा धाकटा भाऊ, उलामिलाचा चुलत सासरा, घराण्याचा कर्ता. उलामिला त्या वेळी स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या पावांना लोणी लावत होती. भिंत पत्र्याची, त्यामुळे तिला रुसिआतेचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"आमचं पोर चुकलं," म्हातारा म्हणाला. "त्याची नजर हातातल्या फोनवर होती, रस्त्यावर नव्हती. तुमच्या सुनेची गाडी त्याने मागून ठोकली. तुमच्या मनात राग असेल, असणारच, तो या दाताखाली गाडून टाका."

इनोकेने दोन्ही हातांनी दात घेतला, ओंजळीसारखे हात करून खोल टाळ्या वाजवल्या आणि राग गाडला. मग यांगोना फिरला, पाव फिरले. उलामिलाला खरोखरच बरं वाटलं. माणसं आली, नीट बोलली, जे झालं ते जसंच्या तसं कबूल केलं. आता गाडी दुरुस्त करून देतील, असं तिने धरून चाललं.

तीन आठवडे झाले. कुणी फिरकलं नाही. मग ती स्वतःच नारुकूला गेली. कितिओने नळाखाली गाडी धूत होता.

"ताई, ते मिटलं ना?" तो साबणाचे हात झटकत म्हणाला. "दात घेतलात ना तुम्ही?"

"दात घेतला. गाडी अजून बिसुनच्या गॅरेजात आहे."

"मग आता काय राहिलं? आमच्याकडून झालं सगळं." त्याने गाडीवर पाणी मारलं. "आणि खरं सांगायचं, तर तुम्ही असा ब्रेक मारलात की कुणीही धडकला असता."

"घोडा होता रस्त्यात."

"कुणाचा घोडा? मला तर नाही दिसला."

घोडा कुणाचा होता हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, आणि सगळं खोरं गप्प होतं, कारण मालकाने तोंड उघडलं तर दंड त्याच्याच माथी यायचा. गाडीतल्या बायका झोपलेल्या. त्यामुळे घोडा पाहिलेली एकटी उलामिला, आणि न पाहिलेला एक जण, तो मात्र गावोगाव भाजी घ्यायला फिरायचा आणि जिथे जाईल तिथे बोलायचा. महिनाभरात सगळीकडे एकच झालं. उलामिलाचा पाय ब्रेकवर नाचतो. तिच्या गाडीत बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं.

तोरिकाने तर तोंडावरच सांगितलं. तोरिका म्हणजे लग्न होऊन गावात आल्यापासूनची मैत्रीण. "अगं, घोडा होता म्हणतेस तर असेल. पण मला धाकटीला घेऊन जावं लागतं ना बाजारात. गाडी दुरुस्त झाली तरी सध्या आम्ही ट्रकनेच जाऊ. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

उलामिलाला वाईट वाटलं, खूप वाटलं. गाडी आज ना उद्या दुरुस्त झाली असती. कुणाकडून उसने आणून, डुक्कर विकून, काहीतरी करून. पण दुरुस्त गाडीत बसायला माणसं कुठून आणायची? लोकांच्या मनातून उतरलेला ड्रायव्हर कुठल्याही गॅरेजात सरळ करून मिळत नाही. ती रात्र तिने जेमतेम काढली आणि सकाळी इनोकेच्या घरी गेली. उंबऱ्याशी, सुनेने बसायचं तिथे, बसली.

"मामंजी, मी दावा लावतेय."

इनोके यांगोनाची मुळी फडक्याने पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही. "दात घेतला की हात झटकायचे. ही रीत आहे."

"राग गाडायचा ही रीत. ॲक्सल कुठे गाडायचा?"

"उलामिला."

"मला राग नाही, मामंजी. खरंच नाही. मला गाडी हवीय, आणि ती कुणामुळे मोडली ते कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवंय."

"वाईदामूच्या सुना कोर्टात जात नाहीत."

"मग वाईदामूच्या सासऱ्यांनी ॲक्सल आणून द्यावा."

असं कुणी सून सासऱ्याशी बोलत नाही, या गावात तर नाहीच. तिलाही ठाऊक होतं, आणि बोलून झाल्यावर तिचे कान तापले होते. इनोके मुळी खाली ठेवून आत निघून गेला. त्यानंतर दोन महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. रविवारी चर्चमध्ये त्याचं कुटुंब तिच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायला लागलं. ती आपल्या जागेवर बसत राहिली, आणि भजनं पूर्वीपेक्षा जोरात म्हणायला लागली.

बिसुन गॅरेजवाल्याने तिला दोन पानी अंदाजपत्रक करून दिलं. ॲक्सल, दार, पत्रा, रंग, मजुरी, सगळं मिळून चार हजार दोनशे ऐंशी डॉलर. कागद देताना त्याने आवाज खाली आणला.

"दीदी, एक सांगू? डावीकडचा मागचा दिवा या धडकेत फुटलेला नाही. त्याची काच आधीचीच गेलेली. मी ते इथे लिहिलेलं नाही. तू पण तिथे जाऊन हरिश्चंद्र होऊ नकोस."

"तीन दिवस झाले होते त्याला. तुझ्याकडेच येणार होते सोमवारी."

"तेच म्हणतोय मी. सोमवार आलाच नाही. तू गप्प बस."

सुनावणी गुरुवारी होती. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाला लागून असलेल्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लांब टेबल आणि मान मोडल्यासारखा फिरणारा पंखा. टेबलामागे रेफरी मिस्टर फोंग. या कचेरीत वकील चालत नाहीत, ज्याचं त्याने बोलायचं आणि रेफरीने ऐकून ठरवायचं. फोंग चष्मा कपाळावर चढवून बिसुनचं अंदाजपत्रक वाचत होते. बिसुन स्वतः मागच्या खुर्चीत, हाताला ग्रीसचे डाग तसेच.

कितिओने इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर साक्षीला रुसिआते. आणि रुसिआतेच्या शेजारी, नारुकूच्या बाजूच्या खुर्चीवर, सुलूच्या घड्या सारख्या करत बसला होता इनोके.

ते उलामिलाला लागलं. गप्प बसणं वेगळं, आणि पलीकडे जाऊन बसणं वेगळं. तिने एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली.

"तुमचं काय म्हणणं आहे?" फोंगनी कितिओनेला विचारलं.

"साहेब, मी सगळं लिहून दिलंय. बाईंनी कारण नसताना ब्रेक मारला, चूक त्यांची. पण ते सुद्धा राहू द्या. आमच्यात अशी गोष्ट दात देऊन मिटते. आम्ही दात दिला, त्यांनी घेतला. हे त्यांच्याच घराण्याचे कर्ते, हे आमचे भाट. विचारा दोघांना."

फोंगनी इनोकेकडे पाहिलं. "दात घेतलात?"

"घेतला."

"कुणाच्या वतीने?"

"घराण्याच्या."

"या बाईंना विचारलं होतं?"

इनोकेला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "तसं विचारत नाहीत," तो म्हणाला.

"बरं." फोंग उलामिलाकडे वळले. "यावर तुमचं काय?"

"साहेब, दात घेतला हे खरं. आणि मी तो पाळलाय. हा रस्त्यात भेटला तर मी त्याला राम— बुला म्हणते. आत्ता दारातसुद्धा म्हटलं, विचारा त्याला." गावातल्या बुलाच्या जागी बिसुनचं राम-राम, त्याच्या गॅरेजात चार महिने जाऊन जाऊन, तिच्या जिभेवर बसलं होतं. मागे बिसुन खुर्चीत हलला. "राग गाडला. मी इथे राग मागायला आलेच नाही. मी मोडलेली गाडी मागायला आलेय."

"मग दात परत करा," कितिओने म्हणाला. "पैसे हवेत ना? दात परत द्या, मग बोलू. दात पण ठेवायचा आणि पैसे पण घ्यायचे, हे बरं आहे."

फोंगनी इनोकेकडे पाहिलं. इनोकेने सुलूची घडी पुन्हा एकदा सारखी केली. "तो... सध्या घरी नाही," तो म्हणाला. "मे महिन्यात लग्न होतं भाचीचं. तिकडे गेला."

कुणी हसलं नाही, पण बिसुनला खोकला आला. दात असाच फिरतो, आज माफीला, उद्या मयताला, परवा लग्नाला, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तरी ते असं टेबलावर मांडलं जाणं इनोकेला जड गेलं.

"परत कशाला हवाय?" उलामिला म्हणाली. "दोष माझा असता तर दात घेऊन मी आले असते नारुकूला. तुम्ही आलात. का आलात?" ती फोंगकडे वळली. "साहेब, मला एक विचारायचंय. याला नाही. रुसिआते आजोबांना."

"विचारा."

"आजोबा, त्या दिवशी दात हातात धरून तुम्ही काय बोललात?"

कितिओने पुढे वाकला. "त्याचा इथे काय संबंध?"

"तूच आणलंस ना त्यांना? दात दिला हे सांगायला आणलंस, मग काय म्हणून दिला हेही सांगू दे."

रुसिआते हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने कितिओनेकडे पाहिलं नाही, उलामिलाकडेही नाही. तो नारुकूचा माणूस. त्याचं घर, त्याची जमीन, त्याच्या नातवंडांच्या शाळेची फी, सगळं त्याच घराण्याच्या आसऱ्याने चाललेलं. आता आठवत नाही म्हणाला असता तर कुणी त्याला खोटं ठरवलं नसतं. सत्तरी उलटलेल्या माणसाचं विसरणं लोक मान्य करतात. उलामिलाला तेव्हा पहिल्यांदाच खरी भीती वाटली, की तो विसरेल.

"मी म्हणालो," रुसिआते म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम त्या दिवशीसारखा झाला, "आमचं पोर चुकलं. त्याची नजर हातातल्या फोनवर होती, रस्त्यावर नव्हती. तुमच्या सुनेची गाडी त्याने मागून ठोकली." तो थांबला. "पुढचं रागाचं आहे. ते हवंय का?"

"नको," फोंग म्हणाले. त्यांचं पेन चालत होतं.

"आजोबा..." कितिओने म्हणाला.

"काय आजोबा?" म्हातारा त्याच्याकडे न बघताच म्हणाला. "तुझ्या आईने रडत रडत मला हेच सांगायला लावलं होतं. दात हातात घेऊन बोललेलं बदललं, तर पुढच्या वेळी माझ्या हातून दात कोण घेईल? आणि पुढच्या वेळीही चुकलेला तूच असशील."

कितिओने फोन घेऊन बाहेर गेला. दहा मिनिटांनी आला तो मामाशी बोलून, आणि चेहरा खुलवून.

"साहेब, आमचे प्रमुख म्हणतात, शेजारच्या गावची बाई आहे, विधवा आहे, अडचणीत आहे. ते सगळे पैसे द्यायला तयार आहेत. चार हजार दोनशे ऐंशी, एकरकमी, उद्या. नारुकूच्या घराण्याकडून भेट म्हणून. फक्त दोषाबिषाचं काही लिहायचं नाही."

फोंगनी पेन खाली ठेवलं. "हे चांगलं आहे. समझोता व्हावा यासाठीच तर ही कचेरी. बाई, घेताय?"

"घे, दीदी," मागून बिसुन कुजबुजला. "घे, घे."

उलामिलाला समोर पैसे दिसत होते. सरळ झालेला ॲक्सल, नवं दार, सगळं. उद्या. त्याबरोबर परवाचंही दिसत होतं. नारुकूच्या प्रमुखाने बिचाऱ्या विधवेला गाडी दुरुस्त करून दिली, केवढं मन, चूक तिचीच होती तरीसुद्धा. मोठ्या घराण्याला देणं म्हणजे मोठेपणा आणि भरणं म्हणजे नामुष्की, म्हणूनच ते चार हजार द्यायला तयार होते आणि एक ओळ द्यायला तयार नव्हते. ती नव्याकोऱ्या दाराची गाडी दर शनिवारी रिकामीच बाजारात जाणार होती.

"भेट नको," ती म्हणाली.

"बाई, नीट विचार करा," फोंग म्हणाले. "समझोता झाला नाही तर मला निकाल द्यावा लागेल. त्यात याहून कमी मिळू शकतं. जास्त तर मिळणार नाहीच."

"कमी चालेल," ती म्हणाली. "कुणामुळे झालं ते लिहा, मग किती ते लिहा."

"विधवा आहे, अडचणीत आहे, हे कुणी सांगितलं त्यांना?" ती थांबू शकली नाही. "मी गाडी चालवते. सहा वर्षं चालवतेय. मला अडचणीत यांच्या पोराने टाकलं, आणि आता माझ्यावर दया करायला निघालेत."

कितिओनेने मान खाली घातली. इनोकेने मात्र प्रथमच मान वर केली होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

"ठीक," फोंग म्हणाले. "मग मला एकच विचारायचंय. मागचे दिवे. यांनी लिहिलंय बंद होते. चालू होते?"

बिसुनची खुर्ची करकरली. एक हो म्हणायचं होतं. दिव्याचा चुरा चार महिन्यांपूर्वीच चरात गेला होता आणि अंदाजपत्रकात त्याचं नावही नव्हतं. पण पलीकडे तो म्हातारा बसला होता, ज्याने आत्ताच स्वतःच्या घराण्याविरुद्ध तोंड उघडलं होतं. त्याच्याकडून खरं काढून घेऊन त्याच खुर्चीवरून आपण खोटं बोलायचं हे तिला जमेना.

"उजवा चालू होता," ती म्हणाली. "डावा नव्हता. तीन दिवस झाले होते."

बिसुनने कपाळावर हात मारला, ग्रीससकट.

फोंगनी तिच्या अर्जातली घोड्याची ओळ पुन्हा वाचली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते लिहायला लागले. निकाल तिथल्या तिथे छापून मिळाला. डाव्या दिव्यापोटी पाचवा हिस्सा कमी, उरलेले तीन हजार चारशे चोवीस डॉलर प्रतिवादीने महिन्याच्या आत भरायचे. बाहेर आल्यावर बिसुन बोटांवर हिशेब करत होता. "साडेआठशे डॉलर, दीदी. साडेआठशे डॉलर तू त्या टेबलावर ठेवून आलीस."

"रंग नको देऊस मग. दार कुठल्याही रंगाचं असू दे."

"हिरवं आहे माझ्याकडे एक."

"हिरवं लाव."

गावाकडे जायला तिला आता ट्रकशिवाय काही नव्हतं. गुरुवार, बाजाराचा दिवस, ट्रकच्या फळ्यांवर वाईदामूच्या बायका रिकामी पोती मांडीवर घेऊन बसलेल्या. तोरिका तिच्या धाकटीसह, वासिती, बाकीच्या. पुढच्या कोपऱ्यात इनोके. उलामिला चढली तसं सगळं बोलणं थांबलं. तोरिका थोडी सरकली, पण कुणी या म्हणालं नाही. ट्रक सुरू झाला.

पूल ओलांडल्यावर वासितीला राहवेना. "काय झालं गं?"

चार महिने उलामिला सांगत होती, आणि चार महिने त्या ऐकत होत्या. तिच्या शब्दाला आता किती वजन उरलं होतं, हे या फळीवर बसून तिला पुरतं कळत होतं. तिने पिशवीतून कागद काढला, हलत्या ट्रकमध्ये वाकून पुढे गेली आणि इनोकेसमोर धरला.

"मामंजी, वाचा."

सुनेने सासऱ्याच्या हातात असं काही द्यायचं नसतं. इनोकेने कागदाकडे पाहिलं, मग बायकांकडे, मग रस्त्याकडे. गावातली सभा असो, लग्न असो, मयत असो, वाईदामूच्या वतीने बोलणारा तो. त्याने सांगितलं ते गाव धरून चालायचं. कागद तसाच धरून तिचा हात अवघडला, पण तिने तो मागे घेतला नाही.

शेवटी त्याने घेतला. खिशातून चष्मा काढला. पाचव्या हिश्श्याचं वाक्य त्याने आधी वाचलं, डावा दिवा बंद असल्याबद्दल, ठणठणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बरोबर आहे," उलामिला म्हणाली. "ते खरं आहे. आता वरचं."

वरची ओळ त्याने ओठांतल्या ओठांत वाचली. ट्रक चढाला लागला होता, इंजिन घरघरत होतं, बायका पुढे वाकल्या होत्या.

"मोठ्याने, मामंजी. मागे ऐकू जात नाही."

इनोकेने तिच्याकडे पाहिलं, ती तशीच उभी होती, एका हाताने वरचा दांडा धरून. मग त्याने घसा साफ केला, पाठ सरळ केली, आणि घराण्याच्या वतीने बोलताना लावतो तो आवाज लावला.

"अपघात प्रतिवादीच्या चुकीमुळे झाला. अर्जदार बाईंनी रस्त्यातल्या जनावरासाठी ब्रेक दाबला, आणि तो दाबणं योग्य होतं."